दऱ्यांचा दर्या

गेल्या पावसाळ्यात आम्ही तिघे चार दिवस चिखलदऱ्याला मुक्कामी होतो. मेळघाटातली गावे, नद्या, घाट आणि गड ह्यांच्या नावांची, पाठभेदांसह, शोधता येण्याजोगी एक यादी करावी असा बेत होता. टिपणे जुनी, अनेक हातांनी टंकलेली, आणि दूरच्या एका भाड्याच्या संगणकावर साठवलेली. त्या संगणकाला चित्रे नाहीत, खिडक्या नाहीत. त्याच्याशी बोलायचे तर शेल नावाच्या ओळीवर आज्ञा लिहूनच बोलावे लागते. बाहेर धुके इतके दाट की अंगणातले झाड दिसत नव्हते. आत दिवा होता, पण उजेड फारसा पडत नव्हता.

आम्ही 'ल' टंकला. ओळीच्या आरंभी कंसात 'आर्ग' असा शब्द आणि पुढे २ हा आकडा उमटला. 'ळ' टंकला, तर ३. 'ह' टंकला, तर ९. 'म'ची कथा ह्याहून विलक्षण. ते अक्षर उमटलेच नाही; त्याऐवजी मागच्या आज्ञेत शेवटी ज्या फाइलीचे नाव होते ते आपोआप येऊन बसले. मागची आज्ञा गाविलगडाच्या टिपणांची फाइल पाहण्याची होती. पुढची आज्ञा एखादी नको असलेली फाइल खोडण्याची असती आणि आम्ही न पाहता एंटर दाबले असते, तर १८०३ साली वेलस्लीच्या तोफांपुढे पडलेला गाविलगड आमच्या एका 'म'ने पुन्हा पडला असता.

जाणकार स्नेह्यांना विचारले. उत्तर सौम्य होते आणि ठाम होते: शेलमध्ये मराठी आणू नये, फाइलींची नावे रोमनमध्ये ठेवावीत, शोधायचे शब्दही जमल्यास रोमनमध्ये लिहावेत, उगाच त्रास कशाला? हा लेख त्या उत्तराविरुद्ध आहे. उत्तर देणाऱ्यांविषयी आमच्या मनात किंतु नाही. ते उत्तर आपण सगळ्यांनीच इतकी वर्षे निमूटपणे स्वीकारले, ह्याविषयी मात्र आहे.

आधी 'म'चे काय झाले ते समजून घेऊ. वाचकांनी आकड्यांना घाबरू नये. गोष्ट हिशेबाची असली तरी तीत नाट्य आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ ह्या रूपात देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन आकड्यांनी लिहिले जाते. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे मात्र ० ते १२७ ह्या आकड्यांत, म्हणजे सात बिटांत, मावतात. आठवा बिट तिथे रिकामा. त्या रिकाम्या बिटाला जुन्या काळी एक काम लावून दिले गेले: आकडा १२७च्या वर असेल तर माणसाने 'मेटा' कळ, म्हणजे आजची ऑल्ट, दाबून धरली आहे असे समजावे. बॅश ह्या शेलमध्ये टंकलेली ओळ सांभाळण्याचे काम रीडलाइन नावाच्या संग्रहाकडे आहे, आणि त्यात ही जुनी समजूत 'कन्व्हर्ट-मेटा' ह्या नावाने अजून नांदते. ती चालू असली की रीडलाइन प्रत्येक आकड्यातून १२८ वजा करते. २२४चे होतात ९६, त्या कळीला काही काम नेमलेले नाही. १६४चे होतात ३६, म्हणजे डॉलरचे चिन्ह. ऑल्ट आणि डॉलर मिळून आज्ञा होते 'चलाचे नाव पुरे कर'. १७४चे होतात ४६, म्हणजे पूर्णविराम. ऑल्ट आणि पूर्णविराम मिळून आज्ञा होते 'मागच्या ओळीतला शेवटचा शब्द इथे आण'. गाविलगड आला तो असा.

'ळ'चा शेवटचा आकडा १७९. वजाबाकी करून उरतात ५१, म्हणजे ३ ह्या अंकाची कळ. ऑल्ट आणि अंक मिळून 'पुढची क्रिया इतक्या वेळा कर'. कान्याची आज्ञा होते 'इतिहासाच्या शेवटी जा'. ऱ्हस्व इकाराची होते 'शक्य त्या पूर्ती दाखव'. एकाराची होते 'चालले आहे ते सोडून दे'. मेळघाट हा शब्द टंकणे म्हणजे यंत्राला एकापाठोपाठ एक हुकूम सोडणे, आणि त्यातला एकही आपल्या मनातला नाही. इंग्रजीला जी जागा लागत नव्हती तिथे कळींचे हुकूम बसवले गेले, आणि जगातल्या इतर लिप्या नेमक्या त्याच जागेत राहायला आल्या.

आता कोणी म्हणेल, हा दोष रीडलाइन लिहिणाऱ्यांचा. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. बॅश १९८९ साली ब्रायन फॉक्स ह्यांनी जगापुढे आणले आणि पुढे दीर्घकाळ चेट रेमी ह्यांनी ते निगुतीने सांभाळले. यंत्राची भाषिक मांडणी, जिला लोकॅल म्हणतात, ती यूटीएफ-८ची आहे असे दिसले की रीडलाइन ही जुनी समजूत आपण होऊन बाजूला ठेवते. लोकॅल 'सी' असेल, म्हणजे कोणतीच भाषा ठरलेली नसेल, तेव्हाच ती जागी होते. मग आमच्या वाट्याला 'सी' आले कसे?

ह्याचे उत्तर आम्हांस फार झोंबले. आमच्या लॅपटॉपवर आम्ही अभिमानाने मराठी (भारत) अशी लोकॅल निवडली आहे. डेबियन आणि तिच्या वंशातल्या प्रणालींत दूरच्या संगणकात शिरताना एसएसएच ही निवड सोबत नेते आणि पलीकडचा संगणक ती स्वीकारतो. पलीकडच्या संगणकावर मराठीची लोकॅल तयार केलेली नव्हती. मागितलेली भाषा सापडली नाही की यंत्र दुसरी भाषा शोधत बसत नाही. ते 'सी'वर येऊन थांबते. कधी इशाऱ्याची एक ओळ येते, कधी तीही नाही. आमच्या शेजारी बसलेल्या मित्राने आपली भाषा अमेरिकन इंग्रजी अशी सांगितली होती. पलीकडे ती तयार होती, आणि त्याचा 'म' निर्वेधपणे उमटला. ज्याने इंग्रजी सांगितले त्याला मराठी लिहिता आले. ज्याने मराठी सांगितले त्याला ते आले नाही. हा कोणाचा कट नाही. पलीकडचा संगणक उभा करणाऱ्याला मराठी मागणारे कोणी येईल असे वाटलेच नाही, एवढेच. आणि त्याला तसे का वाटावे? आपण कधी मागितले?

टंकून जमेना म्हणून आम्ही डकवून पाहिले. पेस्ट करणे ह्याला मराठी जालावर एके काळी डकवणे हा सुरेख शब्द रुळला होता, तोच इथे वापरतो. डकवलेल्या मजकुराने हुकूम सोडले नाहीत. ह्याचे कारण, २०१६च्या रीडलाइन ७.०मध्ये आलेली आणि २०२०च्या डिसेंबरात ८.१पासून आपोआप चालू झालेली एक सोय. टर्मिनल डकवलेल्या मजकुराच्या आधी २०० आणि नंतर २०१ ह्या आकड्यांची खूण पाठवते. मधले सारे टंकलेले नसून डकवलेले आहे, ते कळींचे हुकूम म्हणून वाचू नये, असा तिचा अर्थ. ही सोय नव्हती तेव्हा डकवलेल्या मजकुरातली प्रत्येक नवी ओळ एंटर समजली जाई आणि वाचायच्या आत आज्ञा चालून जाई. ही सोय अर्धवट राहिली, म्हणजे टर्मिनलमध्ये चालू आणि वाचणाऱ्या कार्यक्रमाला अपरिचित अशी, तर मजकुराच्या दोन्ही टोकांना त्या खुणांचे अवशेष चिकटून येतात. पुष्कळांना हे २०० आणि २०१ भुतासारखे दिसले असतील. भूत नाही, बंद न झालेले दार आहे. क्रमांक २००४ची ती स्थिती बंद करण्याची खूण टर्मिनलला पाठवली, किंवा टर्मिनल नव्याने उघडले, की ते जाते.

तर डकवलेला 'म' हुकूम झाला नाही, पण अक्षरही झाला नाही. पडद्यावर उलट्या तिरप्या रेघांसह ३४०, २४४, २५६ असे आकडे उमटले. तेच तीन आकडे, अष्टमान पद्धतीत. यंत्राने आमची भाषा सुरक्षितपणे सांभाळली आणि तिला अक्षर म्हणायचे नाकारले.

लोकॅलची दुरुस्ती झाल्यावर खरा घोळ पुढे आला, आणि तो पूर्णपणे आपल्या घरचा आहे. चिखलदरा हे नाव प्रथमेत निरुपद्रवी. त्याला विभक्ती लागली की चिखलदऱ्याला, चिखलदऱ्याची असे होते आणि अर्धा ऱ प्रकट होतो. हा अर्धा ऱ संगणकात तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक: ऱ ह्या स्वतंत्र अक्षराला हलन्त. दोन: र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन: साधा र, हलन्त, आणि मग शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक. पहिल्या दोन तऱ्हा एकच आहेत असे युनिकोड मानते आणि सामान्यीकरण केले की त्या एक होतात. तिसरी जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली. ती सामान्यीकरणाने एक होत नाही. डोळ्यांना तिन्ही सारख्याच दिसतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 'र'ची कळ दाबली की पहिली तऱ्हा मिळते. उच्चारानुसार टंकण्याची काही साधने तिसरी देत आली. मराठी जालावर पहिली आणि तिसरी दोन्ही विपुल आहेत.

परिणाम काय? आमच्या टिपणांत वऱ्हाड नावाची एक फाइल होती. समोर यादीत ती दिसत होती. आम्ही नाव टंकले, आणि अशी फाइल नाही असे उत्तर आले. पुन्हा टंकले, पुन्हा तेच. यादीतले नाव उचलून डकवले, तेव्हा ती निमूटपणे उघडली. नाव तिसऱ्या तऱ्हेचे, आमची बोटे पहिल्या तऱ्हेची. वऱ्हाडात बसून वऱ्हाड हा शब्द लिहिला असता यंत्र म्हणते वऱ्हाड नाही, आणि यंत्र खोटे बोलत नसते.

ह्याहून वाईट पुढे आहे. डकवलेल्या मजकुरात अदृश्य चिन्हे असू शकतात, ती धोक्याची असतात, म्हणून डकवण्याआधी ती गाळून टाकावीत, असा सल्ला सर्वत्र मिळतो. इंग्रजी आज्ञांपुरता तो रास्त आहे. मराठीत तो पाळला की तिसऱ्या तऱ्हेतला जोडक गळतो, अर्धा ऱ नाहीसा होतो आणि त्या जागी रफार चढतो. दऱ्यांचा दर्या होतो. मेळघाटाच्या दऱ्या एका आज्ञेसरशी समुद्र होतात, आचाऱ्याला दिलेली दक्षिणा आचार्याला पोचते, आणि पडद्यावर चूक म्हणून काहीही दिसत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. लेखनिकाच्या हातून होणाऱ्या चुकीची खूण मागे राहते. ही चूक खूण ठेवत नाही. संहितेचा अभ्यास करणाऱ्यांनी ह्याकडे लक्ष द्यायचे नाही, तर कोणी द्यायचे?

कळींचाही असाच प्रकार. इन्स्क्रिप्टमध्ये रोमन सी जिथे आहे तिथे 'म' आहे. देवनागरी कळफलक चालू असताना चालती आज्ञा थांबवण्यासाठी कंट्रोल आणि सी दाबले, तर यंत्राला ऐकू येते कंट्रोल आणि म. काही टर्मिनल अशा वेळी त्याच कळीचे रोमन रूप शोधून पाहतात, काही पाहत नाहीत. मग थांबवण्याची कळ थांबवत नाही. ओळीच्या आरंभी नेणारी कळ ओकारावर, शेवटी नेणारी कान्यावर, मागचे शोधणारी दीर्घ ईकारावर येते. आणि युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर कोणी चुकून डकवला तर विचारूच नये. कृतिदेव टंकात 'य' म्हणजे मुळात अर्धविरामाचे चिन्ह, आणि शेलमध्ये अर्धविराम म्हणजे एक आज्ञा संपली, दुसरी सुरू. प्रत्येक 'य'पाशी वाक्य तुटते आणि उरलेला तुकडा स्वतंत्र आज्ञा म्हणून धावू लागतो.

आता कोणी विचारील, आज्ञा तर इंग्रजीतच द्यायच्या, मग मराठीचा हट्ट का? आज्ञेचे क्रियापद इंग्रजी असो; तिचे कर्म मराठी आहे. शोध हा शब्द इंग्रजीत लिहू, पण शोधायचे आहे ते सेमाडोह, कोलकास, हरिसाल. हजारो पानांतून एक शब्द काढणे, त्याची आवर्तने मोजणे, दोन प्रती पडताळणे, ही कामे ह्याच काळ्या ओळीवर सर्वांत चांगली होतात. तिथे मराठी नको म्हणणे म्हणजे मराठी ग्रंथांचा असा अभ्यास नको म्हणणे. ह्याच डोंगरातले हरिसाल २०१६च्या सुमारास डिजिटल गाव म्हणून गाजले. पडदा गावात आला की गाव डिजिटल होते, ही आपली कल्पना. पडद्यावर वाचता येणारी भाषा आणि यंत्राला काम सांगू शकणारी भाषा ह्यांत अंतर आहे, आणि ते आपण मोजत नाही. मेळघाटातले कोरकू देवनागरीतच लिहिले जाते. मराठीच्या 'म'चे जे होते तेच कोरकूच्या 'म'चे होते, आणि तिच्या बाजूने बोलणारे तर आपल्याहूनही थोडे.

चिखलदऱ्याच्याच जिल्ह्यात रिद्धपूर आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. बाहेरच्या जगाला ते शतकानुशतके अगम्य राहिले, आणि राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहास बदलला. तिथे लिपी मुद्दाम लपवलेली होती आणि किल्ली परंपरेत शाबूत होती. आपण आज कोणताही हेतू नसताना, निव्वळ हलगर्जीपणाने, एकाच शब्दाच्या तीन लिप्या करून ठेवल्या आहेत आणि किल्ली कोणाकडेच दिलेली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले. आम्हांस दोन्हींचा आनंद आहे. पण अभिजात भाषेतला 'वऱ्हाड' शोधायला गेले असता सापडू नये, ह्याची लाज त्या आनंदाच्या शेजारी ठेवावी लागते.

केवळ तक्रार करून उठणे बरे नव्हे, म्हणून निदानाचा क्रम इथे मराठीत लिहून ठेवतो. पहिल्यांदा 'लोकॅल' ही आज्ञा देऊन पाहावे. उत्तरात सी किंवा पॉसिक्स दिसले तर रोग तिथेच आहे. संगणक आपला असेल तर मराठीची लोकॅल तयार करून घ्यावी. परका असेल तर सी-यूटीएफ-८ मागावी. डेबियनमध्ये ती पूर्वीपासून आहे, आणि २०२२च्या ग्लिबसी २.३५पासून ती मूळ संग्रहातच आली. तिला कोणतीच भाषा येत नाही, पण अक्षरे सगळी कळतात. हे जमल्यावरही ऑल्ट-आज्ञा सुटत असतील, तर रीडलाइनच्या इनपुटआरसी फाइलीत इनपुट-मेटा आणि आउटपुट-मेटा चालू, कन्व्हर्ट-मेटा बंद, अशा तीन ओळी घालाव्यात. लोकॅल न सुधारता नुसत्या ह्या ओळी घालणे हा अर्धा उपाय. अक्षर येते, पण खोडताना त्याचा तिसरा भागच खोडला जातो. एखादी कळ नेमके काय पाठवते हे पाहायचे तर 'कॅट' ही आज्ञा व्ही ह्या पर्यायासह चालवून ती कळ दाबावी आणि मग एंटर. 'म' दाबला तर मेटा आणि पूर्णविरामाची जोडी डोळ्यांनी दिसते. त्या कळीला कोणते काम नेमले आहे ते 'बाइंड'ला पी ह्या पर्यायासह विचारावे. डकवलेले नाव जुळत नसेल तर त्याचे आकडे 'ओडी'ने काढून पाहावेत. डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. आणि अदृश्य चिन्हे गाळण्याआधी र, हलन्त, जोडक ह्या त्रयीच्या जागी ऱ आणि हलन्त बसवून घ्यावे. क्रम उलटा झाला तर दर्या उसळलाच म्हणून समजा.

आमची मागणी तीन ओळींत मावते. मराठी ग्रंथांचे संगणकीकरण करणाऱ्या प्रत्येक संस्थेने अर्ध्या ऱची एकच तऱ्हा, ऱ ह्या स्वतंत्र अक्षराची, जाहीरपणे स्वीकारावी. सरकारी पैशाने चालणाऱ्या प्रत्येक संगणकावर मराठीची लोकॅल आधीच तयार असावी. आणि मराठीच्या अभ्यासकांनी ही कामे तंत्रज्ञांची म्हणून हात झटकू नयेत; पाठभेद कसे घडतात हे ज्यांना कळते त्यांनीच इथे यायला हवे.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही दूरच्या संगणकाला सी-यूटीएफ-८ सांगितले, आणि 'म' उमटला. मराठी आहे असे म्हटले तेव्हा मिळाला नव्हता. भाषाच नाही असे म्हटल्यावर मिळाला. आम्ही काम पुरे केले, पण ते उत्तर यादीत टिपून ठेवले आहे.